'पोटात दुखतंय, मॅडम' : पहिली-दुसरीच्या वर्गात भावनिक आणि सामाजिक कौशल्ये शिकवताना



पहिली-दुसरीच्या वर्गात दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारी वाक्यं कोणती, असं विचारलं तर आपण सगळे जवळजवळ सारखंच उत्तर देऊ. "मॅडम, हा मला मारतोय." "मॅडम, ती मला खेळायला घेत नाही." आणि "मॅडम, माझ्या पोटात दुखतंय." वरवर पाहता या तीन वेगवेगळ्या तक्रारी आहेत. पण तिन्हींच्या मागे बहुतेक वेळा एकच अडचण असते. मुलाला आतून काहीतरी वाटतंय, पण ते नेमकं काय हे सांगायला त्याच्याकडे शब्द नाही. आणि शब्द असला तरी पुढे काय करायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नाही.

आपण अक्षरं शिकवतो, बेरीज-वजाबाकी शिकवतो. "रागावू नको", "भांडू नका", "रडू नको" हे मात्र नुसतं सांगतो. सांगणं आणि शिकवणं यात फरक आहे. 'वजाबाकी चुकवू नको' असं सांगून कुणाला वजाबाकी येत नाही. त्यासाठी काड्या मोजाव्या लागतात, दहादा करून पाहावं लागतं. राग आवरणं, मैत्री करणं, हरणं पचवणं हेही तसंच शिकावं लागतं. हे कसं शिकवता येईल, कोणत्या साध्या कृती करता येतील आणि कुठे सांभाळून राहायचं, ते या लेखात मांडत आहे.

भावनिक-सामाजिक कौशल्ये म्हणजे नेमकं काय?

अमेरिकेत १९९४ साली स्थापन झालेल्या 'कॅसेल' या संस्थेने या कौशल्यांचे पाच गट केले आहेत. आपल्या वर्गाच्या भाषेत ते असे सांगता येतील.

१. स्वतःला ओळखणे : मला आत्ता काय वाटतंय हे कळणं.
२. स्वतःला सांभाळणे : राग आला तरी हात न उचलणं, कंटाळा आला तरी काम पुरं करणं.
३. दुसऱ्याला ओळखणे : समोरच्याचा चेहरा वाचणं, त्याच्या जागी मी असतो तर, असा विचार करणं.
४. नाती जोडणे : वाटून घेणं, मदत मागणं, भांडण मिटवणं.
५. विचार करून निर्णय घेणे : असं केलं तर पुढे काय होईल, हे बघणं.

जागतिक आरोग्य संघटनेची दहा जीवनकौशल्ये आपल्याला प्रशिक्षणांतून माहीत आहेतच. त्यातली स्वजाणीव, समानुभूती, भावनांचे समायोजन, ताणतणावाचे समायोजन आणि व्यक्ती-व्यक्तींमधील संबंध ही पाच कौशल्ये थेट याच विषयातली आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर २०२२ मध्ये तीन ते आठ वर्षे वयाच्या मुलांसाठी पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला. त्यातही सामाजिक-भावनिक विकास हे एक स्वतंत्र क्षेत्र मानलं आहे. 'निपुण भारत'मधलं पहिलं विकासात्मक ध्येयच मुलांचं आरोग्य आणि सुस्थिती राखणं हे आहे. म्हणजे हा विषय अभ्यासक्रमाच्या बाहेरचा नाही. आपण वाचन-लेखन आणि अंकज्ञानाच्या गडबडीत त्याला मागच्या बाकावर बसवलेलं असतं, एवढंच.

"यात वेळ घालवला तर वाचन कधी घ्यायचं?"

हा प्रश्न शिक्षण परिषदेत हमखास येतो आणि तो रास्तच आहे. याचं एक उत्तर संशोधनात मिळतं. २०११ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात शाळांमधले असे २१३ कार्यक्रम एकत्र तपासले होते, विद्यार्थ्यांची संख्या २,७०,०३४ होती. ज्या मुलांना ही कौशल्ये शिकवली गेली त्यांचं वागणं तर सुधारलंच, पण अभ्यासातली कामगिरीही सरासरी ११ शतमकांनी पुढे गेली. साध्या भाषेत सांगायचं तर, शंभर मुलांच्या रांगेत मधोमध उभं असलेलं मूल साधारण अकरा जागा पुढे सरकलं. यातले बहुतेक कार्यक्रम अमेरिकेतले होते, त्यामुळे आकडा जसाच्या तसा आपल्या गावाला लावता येणार नाही. पण दिशा कळते.

याच अभ्यासात आणखी एक उपयोगाची गोष्ट पुढे आली. चार गोष्टी पाळल्या की असे कार्यक्रम जास्त यशस्वी होतात. कृती क्रमाने, एकावर एक रचलेल्या असाव्यात. मुलांनी स्वतः करून पाहावं, नुसतं ऐकू नये. त्यासाठी ठरवून वेळ राखलेली असावी. आणि कोणतं कौशल्य शिकवतोय हे नेमकं ठाऊक असावं. 'मूल्यशिक्षण' म्हणून परिपाठात एक सुविचार वाचून मुलं बसली, एवढ्याने काम का होत नाही, याचं कारण या चार मुद्द्यांत आहे.

दुसरं उत्तर आपल्या रोजच्या अनुभवातलं. मधल्या सुट्टीत भांडून आलेली दोन मुलं पुढच्या तासाला पुस्तकाकडे बघत नाहीत, एकमेकांकडे बघत बसतात. ती पंधरा मिनिटं वाया जातातच. तीच आपण शिकवण्यासाठी वापरायची.

आपल्या भाषेत काय कमी आहे?

या विषयावरचे तक्ते बाजारात मिळतात. त्यावर चार-पाच गोल चेहरे असतात आणि खाली हॅपी, सॅड, अँग्री असं लिहिलेलं असतं. माझं म्हणणं असं की आपल्या मुलांना आपल्याच शब्दांपासून सुरुवात करू द्या. मराठीत भावनांचे इतके बारीक शब्द आहेत की त्यांचाच एक पाठ होतो.

'राग' आणि 'रुसवा' हे दोन शब्द घ्या. राग कुणाचाही येतो. रुसणं मात्र आपल्याच माणसावर असतं, कारण समजूत काढायला कुणीतरी येईल याची आत कुठेतरी खात्री असते. सहा वर्षांच्या मुलाला हा फरक उदाहरणांनी लगेच समजतो. "रस्त्यावरच्या कुत्र्यावर आपण रुसतो का?" असं विचारलं की सगळा वर्ग हसतो आणि "नाही" म्हणतो. मग "कुणावर रुसतो?" असं विचारलं की आई, आजी, दादा, मैत्रीण अशी नावं येतात. पाच मिनिटांत मुलांना कळतं की रुसवा हा मायेचाच एक प्रकार आहे. पुढे एखादं मूल कोपऱ्यात जाऊन बसलं तर बाकीची मुलं स्वतःहून म्हणतात, "तो रागावला नाही मॅडम, रुसलाय." आणि समजूत काढायला जातात.

तसेच हिरमुसणे, चिडणे, ओशाळणे, हेवा वाटणे, धास्ती वाटणे, कावराबावरा होणे हे शब्द. दर आठवड्याला एकच शब्द घ्यावा. तो अभिनयातून दाखवावा, मुलांकडून करून घ्यावा आणि आठवडाभर वर्गात वापरावा. भाषेचा तास आणि हा तास मग वेगळे राहत नाहीत.

उपक्रम १ : भावनांची हजेरी

साहित्य : खोक्याचा एक मोठा पुठ्ठा, पाण्याच्या बाटल्यांची झाकणं, स्केचपेन.

पुठ्ठ्यावर सुरुवातीला चार चेहरे काढायचे : आनंदी, दुःखी, रागावलेला, घाबरलेला. प्रत्येक चेहऱ्याखाली मोकळी जागा. प्रत्येक मुलाच्या नावाचं एक झाकण. पहिलीच्या सुरुवातीला नाव वाचता येत नाही, म्हणून झाकणावर फूल, मासा, पतंग असं चिन्ह काढायचं. सकाळी परिपाठ झाला की वर्गात येताना प्रत्येकाने आपलं झाकण हव्या त्या चेहऱ्याखाली ठेवायचं. एवढंच. सगळं मिळून पाच-सात मिनिटं लागतात.

दोन नियम मात्र पक्के पाळायचे. पहिला, "तू दुःखी का?" असं सगळ्यांसमोर कधीही विचारायचं नाही. वाचन किंवा चित्रकाम सुरू झालं की त्या मुलाजवळ जाऊन बसायचं आणि हळूच विचारायचं, "सांगावंसं वाटतंय का?" नाही म्हणालं तर "बरं, मी इथेच आहे" एवढं म्हणून उठायचं. दुसरा, रागाच्या किंवा दुःखाच्या चेहऱ्याखाली झाकण ठेवलं म्हणून मुलाला बोलणी बसता कामा नयेत. नाहीतर आठ दिवसांत सगळी झाकणं आनंदी चेहऱ्याखाली जमा होतील आणि पुठ्ठा शोभेला उरेल.

आमची शाळा द्विशिक्षकी आहे. माझ्याकडे पहिली-दुसरीचा वर्ग. आमच्या भागातल्या बऱ्याच घरांत दिवाळीच्या आसपास गाळप हंगाम सुरू झाला की आई-वडील ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, त्यामुळे जाणं टळत नाही. ते थेट मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. काही मुलं सोबत जातात, काही हंगामी वसतिगृहात राहतात, काही आजी-आजोबांकडे गावातच.

अशीच एक मुलगी, दुसरीतली. दिवाळीच्या सुट्टीनंतर रोज दुपारी खिचडी खाऊन झाली की म्हणायची, "मॅडम, पोटात दुखतंय." पहिली गोष्ट म्हणजे तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवलं. मुलाच्या दुखण्याला आधीच 'मनाचं' ठरवून मोकळं होणं धोक्याचं असतं. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. मग तिच्या आजी शाळेत आल्या. म्हणाल्या, "मॅडम, पोरगी रातीला उठून बसती. जेवत नाही धड. तिला आईची सय येती."

'सय' हा शब्द पाठ्यपुस्तकात नव्हता, माझ्या तक्त्यावरही नव्हता. दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्यावर पाचवा चेहरा काढला. डोळे लांब कुठेतरी बघणारे. खाली लिहिलं 'सय'. मुलांना विचारलं, "सय म्हणजे काय?" आणि मग एकामागून एक हात वर आले. कुणाला वडिलांची सय येत होती, कुणाला सासरी गेलेल्या ताईची, एकाला विकलेल्या शेळीची. त्या मुलीचं झाकण पुढे बरेच दिवस तिथेच असायचं. पण दुपारी ती "पोटात दुखतंय" ऐवजी "सय येतेय" म्हणू लागली. दुखणं संपलं असं मी म्हणणार नाही. आई एप्रिलपर्यंत येणार नव्हतीच. पण दुखण्याला नाव मिळाल्यावर त्यावर काही करता येऊ लागलं. आजींच्या मोबाइलवर आईने रात्री कामावरून आल्यावर दोन वाक्यं बोलून पाठवायची, असं ठरलं. मुलगी शाळेतलं चित्र काढून त्याचा फोटो पाठवू लागली. आणि ज्यांना सय येते अशी चार-पाच मुलं दुपारी एकत्र बसायला लागली, ते तर मी ठरवलंही नव्हतं.

म्हणून शिक्षकांना एक विनंती. तक्ता बनवताना घरची भाषा आत येऊ द्या. वऱ्हाडी, अहिराणी, कोकणी, पावरी, गोंडी, जी असेल ती. मूल ज्या भाषेत रडतं, त्याच भाषेत त्याला आधी बोलता येतं.

उपक्रम २ : राग कुठे बसतो?

मैदानात किंवा वर्गाच्या फरशीवर एका मुलाला आडवं झोपवून खडूने त्याच्याभोवती रेघ काढायची. माणसाची आकृती तयार होते. आता विचारायचं, "राग आला की अंगात कुठे काय होतं?" मुलं जागा दाखवतात. कान गरम होतात, मुठी आवळतात, दात दाबले जातात. तिथे लाल खडूने खूण करायची. भीती वाटली की छातीत धडधड होते, पोटात गोळा येतो, हातपाय गार पडतात. तिथे निळ्या खडूने. रडू येण्याआधी घसा दाटतो. तिथे पिवळ्याने.

यातून मुलाला कळतं की भावना अचानक अंगावर येत नाही, आधी शरीर खबर देतं. मुठी आवळल्या की समजायचं, राग दाराशी आलाय. दुसरीच्या मुलांना याच वेळी दात-ओठ खाणे, ऊर भरून येणे, पोटात गोळा येणे हे वाक्प्रचार सांगता येतात. आपल्या पूर्वजांनी भावना शरीरातच पाहिल्या होत्या, हे मुलांनाही गमतीचं वाटतं.

उपक्रम ३ : गरम भाकरी

राग दाराशी आल्यावर काय करायचं, त्याची ही कृती. डोळ्यांसमोर तव्यावरून नुकतीच उतरलेली भाकरी आणायची. आधी नाकाने तिचा खमंग वास सावकाश आत घ्यायचा. मग ती गरम आहे म्हणून तोंडाने हळूहळू फुंकर मारायची. असं पाच वेळा. हा दीर्घ श्वसनाचाच प्रकार आहे. 'दीर्घ श्वास घ्या' म्हटलं की पहिलीची मुलं खांदे वर करून नाक सुरसुर वाजवतात, भाकरी म्हटली की बरोबर करतात.

महत्त्वाचं म्हणजे हे मूल शांत असताना शिकवायचं. रोज परिपाठानंतर दोन मिनिटं, महिनाभर. संतापलेल्या मुलाला "चल, भाकरी फुंक" म्हटलं तर ते आणखी चिडेल. आग लागल्यावर विहीर खणायला घेण्यासारखंच ते.

वर्गाच्या एका कोपऱ्यात जुनी चादर, दोन-तीन चित्रांची पुस्तकं आणि एक मऊ चेंडू ठेवला की 'शांत कोपरा' तयार होतो. तिथे मुलाने स्वतःहून जायचं आणि बरं वाटलं की स्वतःहून यायचं. शिक्षा म्हणून तिथे कुणालाही पाठवायचं नाही. एकदा जरी शिक्षा म्हणून पाठवलं तरी तो कोपरा 'अंगठे धरून उभं राहायची जागा' होतो. आणि शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा करायला आणि मानसिक त्रास द्यायला मनाई आहे, हेही लक्षात असू द्यावं.

उपक्रम ४ : भांडण मिटवायच्या चार पायऱ्या

थांब – सांग – ऐक – ठरव. हे चार शब्द चार रंगांत लिहून फरशीवर चार चौकोनांत चिकटवायचे. भांडणारी दोन मुलं एकेका चौकोनातून पुढे जातात. लंगडीच्या घरांसारखं असल्यामुळे मुलांना ते आवडतं.

थांब : दोघांनी हात खाली घ्यायचे, भाकरी फुंकायची.
सांग : एकाने आपल्याला काय वाटलं ते सांगायचं. वाक्य 'तू'ने नाही, 'मला'ने सुरू करायचं. "तू चोर आहेस" असं नाही, तर "मला राग आला, कारण माझा खोडरबर न विचारता घेतला."
ऐक : दुसऱ्याने ते ऐकून परत सांगायचं. "तुला राग आला, कारण मी खोडरबर घेतला." मग त्याची पाळी.
ठरव : आता काय करायचं, हे दोघांनी मिळून ठरवायचं.

शिक्षकाने मधे पंच म्हणून उभं राहावं, न्यायाधीश म्हणून नाही. सुरुवातीला एका भांडणाला आठ-दहा मिनिटं लागतात. दिवसभरातली सगळी भांडणं घेऊ नयेत, एकच घ्यावं. बाकीची मुलं बघून शिकतात.

'सॉरी' या शब्दाबद्दल थोडं. "चल, सॉरी म्हण" असं आपण पटकन म्हणतो आणि मूलही पटकन म्हणून मोकळं होतं. नाणं घासून गुळगुळीत झालंय. त्याऐवजी "आता तू काय करशील म्हणजे त्याला बरं वाटेल?" असं विचारून बघा. उत्तरं फार छान येतात. "त्याची सांडलेली खिचडी मी पुसते." "माझी पेन्सिल त्याला आजच्या दिवस देतो." शब्दापेक्षा भरपाई मुलांना जास्त कळते.

आणि आपल्या मुलांची कट्टी-बट्टी? ती मोडीत काढायची गरज नाही. करंगळी दाखवून "मला आत्ता तुझ्याशी बोलायचं नाही" असं हात न उगारता सांगणं, हे सहा वर्षांच्या मुलासाठी मोठंच कौशल्य आहे. फक्त एक नियम वर्गाने मिळून करावा : कट्टी दोघांतच राहील. "तू पण तिच्याशी कट्टी घे" असं तिसऱ्याला सांगायचं नाही. एकाला सगळ्यांनी वाळीत टाकण्याची सुरुवात त्याच वाक्यापासून होते.

उपक्रम ५ : खेळातलं लिंबूटिंबू

आपल्या खेळांत ही कौशल्ये आधीपासूनच आहेत. राज्य कुणावर, हे मुलं चकून ठरवतात, म्हणजे निवाडा सगळ्यांना मान्य असतो. लागलं, धाप लागली तर 'टाइम प्लीज' म्हणून थांबता येतं. हरल्यावर कांगावा केला तर 'रडीचा डाव' म्हणून मित्रच कान पकडतात. आणि लहान भावंडाला खेळात घ्यायचं पण बाद धरायचं नाही, यासाठी 'लिंबूटिंबू' आहे. दुसऱ्याला सामावून घेण्याची याहून सुंदर व्यवस्था कोणत्या पुस्तकात असेल?

पण शिक्षकाने इथेही डोळे उघडे ठेवावेत. पायाने अधू असलेलं किंवा सावकाश शिकणारं मूल दरवेळी लिंबूटिंबूच राहत असेल, तर ते खेळात असूनही खेळाबाहेर आहे. त्याच्यावर कधी राज्य येत नाही, ते कधी जिंकत नाही. खेळ झाल्यावर गोलात बसून विचारावं, "लिंबूटिंबूला कसं वाटत असेल? त्याला विचारूया का?" मग मुलंच नियम बदलतात. पळण्याऐवजी लंगडी घालायची, अंतर कमी करायचं, जोडी लावायची. नियम बदलता येतात, माणूस बाहेर काढायचा नसतो, हे त्या दहा मिनिटांत मुलं शिकतात.

उपक्रम ६ : ऐकलेल्या गोष्टीचे नवे प्रश्न

चिमणी-कावळ्याची गोष्ट प्रत्येक मुलाला येते. कावळ्याचं शेणाचं घर पावसात वाहून जातं, तो चिमणीच्या मेणाच्या घराचं दार वाजवतो आणि चिमणी एकेक कारण सांगत त्याला बाहेर थांबवते. या गोष्टीवर आपण 'घर कशाचं होतं?' असले प्रश्न विचारतो. त्याऐवजी हे विचारून बघा. बाहेर भिजणाऱ्या कावळ्याला काय वाटलं असेल? चिमणीला कशाची भीती वाटत असेल? तिने दार न उघडता कावळ्याला मदत करता आली असती का?

वर्गाचे दोन गट पडतात. काही चिमणीच्या बाजूने, कारण घरात तिचं बाळ आहे. काही कावळ्याच्या. मग बाजू बदलायला सांगायची आणि अभिनय करून घ्यायचा. उत्तर एकच नसतं, हे आपणही मान्य करायचं. शेवटी तात्पर्य फळ्यावर लिहायचा मोह टाळावा.

आठवड्याचं नियोजन

रोज : भावनांची हजेरी आणि गरम भाकरी.
सोमवार : आठवड्याचा नवा भावना-शब्द, अभिनयासह.
मंगळवार : शरीराचा नकाशा किंवा चेहरे ओळखणे.
बुधवार : चार पायऱ्यांचा सराव, काल्पनिक भांडणावर.
गुरुवार : गोष्ट आणि प्रश्न.
शुक्रवार : मैदानी खेळ आणि त्यानंतर गोलातल्या गप्पा.
शनिवार : आठवड्यात कुणी कुणाला मदत केली, ते सांगणे.

रोज पंधरा ते वीस मिनिटं पुरतात. एकदम सगळं सुरू करू नये. पहिला महिना फक्त हजेरी आणि भाकरी, मग एकेक वाढवावं.

नोंदी कशा ठेवाव्यात?

या कौशल्यांना गुण किंवा श्रेणी देऊ नये. 'रागावर नियंत्रण : क श्रेणी' असं प्रगतिपत्रकात वाचून मुलाच्या घरी काय होईल, हे वेगळं सांगायला नको. वर्णनात्मक नोंद करावी, पण तयार यादीतून उतरवलेली नको. 'इतरांशी मिळून मिसळून वागतो' ही नोंद कोणत्याही मुलाला लागू होते, म्हणून कुणालाच लागू होत नाही. त्याऐवजी : 'जूनमध्ये खेळात हरल्यावर मैदान सोडून जात असे. सप्टेंबरमध्ये दोनदा हरूनही खेळ पूर्ण केला.' अशी नोंद वाचली की पुढच्या वर्गाच्या शिक्षकालाही मूल दिसतं. रोज दोनच मुलांची, एकेक ओळ लिहिली तरी महिन्यात सगळा वर्ग होतो.

कुठे सांभाळायचं?

आपण शिक्षक आहोत, समुपदेशक नाही. मूल आठवडेच्या आठवडे बोलत नसेल, खाणं-झोप बिघडली असेल, स्वतःला इजा करत असेल, तर पालकांशी बोलून डॉक्टरांकडे पाठवावं. आणि मोकळेपणाने बोलायला जागा दिली की कधीतरी एखादं मूल असं काही सांगेल, जे ऐकून आपल्या पायाखालची जमीन सरकेल. अशा वेळी "मी कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नये. "तू सांगितलंस हे चांगलं केलंस, यात तुझी चूक नाही, मी मदत आणते," असं म्हणावं. खोदून खोदून विचारू नये. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर पॉक्सो कायदा २०१२ नुसार ती कळवणं बंधनकारक आहे. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ वर्गात मोठ्या अक्षरांत लिहिलेली असावी. मुलाने विश्वासाने सांगितलेलं स्टाफरूममध्ये चघळलं जाऊ नये, हे तर झालंच.

पालकांसाठी

घरी तक्ता लावायची गरज नाही. चार गोष्टी पुरेत.

"रडतोस काय पोरीसारखा" हे वाक्य बंद करावं. त्यातून मुलगा रडणं लपवायला शिकतो आणि मुलगी स्वतःला कमी समजायला.

"बघ, ती कशी शहाणी" अशी तुलना टाळावी. त्याने शहाणपण येत नाही, हेवा येतो.

मूल चिडलं की आधी भावनेला नाव द्यावं, मग नियम सांगावा. "मोबाइल घेतला म्हणून राग आला ना? आला असेल. पण ताईला मारायचं नाही." राग चालेल, मारणं चालणार नाही, एवढा फरक मुलाला कळला तरी खूप झालं.

आणि झोपताना दिवसातली एक चांगली आणि एक वाईट गोष्ट एकमेकांना सांगावी. मोठ्यांनीही सांगावी. आई-वडील कामासाठी लांब असतील तर आजी-आजोबांनी सांगावी. ऐकायला एक माणूस आहे, एवढी खात्री मुलाला पुरते.

शेवटी आपल्याबद्दल

मुलं आपल्या उपदेशापेक्षा आपल्याकडे जास्त बघतात. ऑनलाइन माहिती भरायची घाई, वर दोन इयत्ता एकत्र, अशा दिवशी आपलीही चिडचिड होते. ती लपवण्यापेक्षा मुलांना सांगावी. "आज माझी चिडचिड होतेय. मी पाणी पिते, पाच वेळा भाकरी फुंकते आणि मग गोष्ट सांगते." मोठं माणूस राग आल्यावर काय करतं, याचा इतका चांगला नमुना पाठ दुसरा नाही.

येत्या सोमवारी एवढंच करा. एक पुठ्ठा, चार चेहरे आणि मुलं असतील तेवढी झाकणं. पाचवा चेहरा कोणता काढायचा, ते तुमच्या वर्गातली मुलं सांगतील.